आईची केस मोबाईलवर वाचायची कशी, आणि वाचून करायचं काय

दिघ्याच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. वडील वारले, आणि त्यांच्या राहत्या खोलीवर काकांनी ठाण्याच्या कोर्टात आईविरुद्ध दावा लावला. आई घरकाम करते. प्रत्येक तारखेला ती दिघा गाव स्टेशनवरून गाडी पकडून कोर्ट नाक्याला जाते, दिवसाची मजुरी बुडते, आणि दुपारी हाती येतं ते एवढंच : "पुढची तारीख पडली." वकील फोन उचलत नाहीत. मुलाने कोर्टांच्या केसेस दाखवणाऱ्या ई-कोर्ट्स ॲपवर शोधलं तर आईचं नाव सापडलं नाही. शेवटी त्याने एका चॅटबॉटकडून अर्जाचा मसुदा तयार करून घेतला. त्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांचे दाखले आहेत. तो विचारतो, हा अर्ज आम्ही स्वतःच ऑनलाइन टाकला तर चालेल का? आणि सगळं डिजिटल झालंय म्हणतात, त्याचा आमच्यासारख्यांना नेमका काय फायदा?

मी ठाणे जिल्ह्यात दिवाणी आणि कौटुंबिक बाजूला वकिली करते, मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या केसेसही चालवते. तुमच्या आईसारख्या बायका मला आठवड्याला भेटतात, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

अर्ज आत्ता टाकू नका. का, ते पुढे येईल. आधी दुसरा प्रश्न घेते, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

ऑनलाइन कोर्टाबद्दल बोलताना लोक ई-फायलिंग, व्हिडिओवरची सुनावणी आणि आता एआय याबद्दल बोलतात. माझ्या मते सामान्य पक्षकाराला यातलं सगळ्यात मोलाचं काही मिळालं असेल तर ते अगदी साधं आहे. कोर्टातला रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद, त्याला घरी बसून दिसतो. पूर्वी केसमध्ये काय झालं ते एकतर वकील सांगणार, नाहीतर वकिलाचा कारकून. तेही नाही भेटले तर कोर्टातल्या कर्मचाऱ्याच्या टेबलापाशी ताटकळत उभं राहायचं. दिवाणी दाव्यात बाजू खरी असूनही माणसं हरतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा चुकलेली मुदत असते. मुदत संपताना कोणी दारावर येऊन सांगत नाही. पक्षकाराला वेळेत कळलं तर बिघडलेलं बरंचसं सावरता येतं. तंत्रज्ञानाने तुमच्या आईला न्याय मिळेल असं मी म्हणणार नाही, पण तिची केस तिच्या पाठीमागे संपणार नाही एवढी सोय त्यात नक्की आहे.

आता नाव का सापडलं नाही ते बघू.

पहिलं कारण जिल्हा. नवी मुंबई शहर एक असलं तरी कोर्टांच्या हिशेबात ते दोन जिल्ह्यांत विभागलं आहे. दिघा, ऐरोली, घणसोली, तुर्भे, वाशी, नेरूळ, बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली मात्र पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. पोलीस आयुक्तालय दोन्हीकडे नवी मुंबईचंच असल्यामुळे लोकांची गल्लत होते. खारघरचा माणूस ॲपमध्ये ठाणे जिल्हा निवडून तासन्‌तास शोधतो आणि केस गायब झाली म्हणून घाबरतो. तुमचा जिल्हा ठाणेच, पण पुढे कोर्टाचं संकुल निवडताना ठाणे की बेलापूर हे समन्सच्या कागदावर बघा.

दुसरं कारण स्पेलिंग. नाव इंग्रजीत टाकावं लागतं, आणि दाव्यात टायपिस्टने जे स्पेलिंग लिहिलं तेच संगणकात गेलेलं असतं. गायकवाड, म्हात्रे, चौधरी ही आडनावं मी तीन-तीन तऱ्हेने लिहिलेली पाहिली आहेत. शिवाय दावा आईविरुद्ध असला तरी यादीत पहिलं नाव काकांचं असतं, कारण वादी ते. म्हणून काकांच्या नावाची पहिली तीन-चार अक्षरं आणि दाव्याचं वर्ष टाकून शोधा. काही जण चुकीचं वर्ष टाकतात, म्हणून एक वर्ष मागे-पुढेही करून बघा.

केस सापडली की त्यातला सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या केसचा कायमचा ओळख क्रमांक, लिहून घ्या. तो सोळा अक्षर-अंकांचा असतो, ठाणे जिल्ह्यातल्या केसला सुरुवातीला एमएचटीएच येतं आणि शेवटचे चार आकडे वर्षाचे असतात. केस ठाण्यातल्या एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात गेली, न्यायाधीश बदलले, तरी या क्रमांकावरून ती सापडते. समन्सच्या पाठीवर, आईच्या डायरीत, घरातल्या कॅलेंडरवर, सगळीकडे लिहून ठेवा. ॲपमध्ये ती केस सेव्ह केली की पुढच्या वेळी शोधायची गरज नाही.

यापुढचा भाग नीट वाचा, कारण इथेच बहुतेक जण थांबतात. ते "पुढची तारीख" बघतात आणि फोन खाली ठेवतात. त्या तारखेच्या शेजारी टप्पा लिहिलेला असतो, आणि तारखेपेक्षा तो महत्त्वाचा. आमच्याकडच्या कोर्टांत तिथे "अनरेडी बोर्ड" असं दिसतं, म्हणजे दावा अजून पुराव्याच्या पायरीवर आलेला नाही. कधी "से" दाखल करण्यासाठी असं दिसतं. समोरच्याने अर्ज केला आहे आणि त्यावर तुमचं म्हणणं कोर्टाने मागितलं आहे, त्याला आम्ही रोजच्या बोलण्यात "से" म्हणतो. त्याच्यासोबत "निशाणी 5" असं लिहिलं असेल तर सावध व्हा. दाव्यासोबतचा तात्पुरत्या मनाईचा अर्ज सहसा निशाणी 5 असतो. काकांनी आईला खोलीत दुरुस्ती करायला, भाडेकरू ठेवायला किंवा राहायलाच अडवणारा हुकूम मागितला असेल तर तो त्यात असणार. आईचा "से" गेलाच नाही तर कोर्ट काकांचं ऐकून हुकूम करू शकतं.

मग खाली उतरा. मागच्या तारखांची यादी दिसेल. त्यातल्या प्रत्येक तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशी कोर्टात काय झालं त्याची दोन-तीन ओळींची नोंद उघडते. तोच रोजनामा. वादी हजर, प्रतिवादी गैरहजर, वेळ मागितला, खर्च बसवला, अशा त्या नोंदी. आई कोर्टात पूर्ण दिवस बसली होती आणि नोंद मात्र "प्रतिवादी व वकील गैरहजर" अशी असेल, तर समजा की पुकारा झाला तेव्हा ती बाहेरच्या बाकावर होती आणि वकील दुसऱ्या कोर्टात. हे वरचेवर घडतं. पुकारा ऐकून आत जाऊन उभं राहायचं असतं हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं. आदेशांचा वेगळा भाग असतो, त्यात सविस्तर हुकूम पीडीएफ रूपात मिळतात. नोंद चढायला एखाददोन दिवस लागू शकतात, म्हणून तारखेच्या दिवशी काही दिसलं नाही तर दोन दिवसांनी पुन्हा बघा.

तुम्ही सांगितलेल्या हकिगतीवरून मी सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधेन : "नो डब्ल्यूएस", म्हणजे लेखी उत्तर आलंच नाही, असा हुकूम झाला आहे का. दावा लागल्यावर प्रतिवादीने आपली कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत द्यायचं असतं. कोर्ट ती मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवू शकतं. त्यातही आली नाही तर कैफियतीशिवाय दावा पुढे चालवण्याचा हुकूम होतो. तो झाला म्हणजे सगळं संपलं असं नाही. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने कैलाश विरुद्ध नन्हकू या निकालात सांगितलं की ही मुदत कोर्टाचे हात बांधून ठेवत नाही, सबळ कारण असेल तर खर्च बसवून उशिराची कैफियत घेता येते. हुकूम रद्द करून कैफियत दाखल करून घेण्याचा अर्ज करायचा. जितका लवकर कराल तितकं न्यायाधीशांना पटवणं सोपं जातं. दोन महिन्यांनी गेलेला माणूस आणि दोन वर्षांनी गेलेला माणूस यांच्याकडे कोणतंही कोर्ट एकाच नजरेने बघणार नाही.

हे राहूनच गेलं आणि एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे आईची बाजू न ऐकताच दाव्याचा निकाल, झाला, तर तो रद्द करून मागायला 30 दिवस असतात, जिल्हा न्यायालयात अपिलालाही 30 दिवसच. समन्स नीट बजावलंच नसेल तर एकतर्फी हुकूमनाम्याबाबतचे दिवस कळल्यापासून मोजतात, पण तुमच्या आई तारखांना जात होत्या, त्यामुळे ती सवलत त्यांना मिळायची नाही. दर रविवारी पाच मिनिटं फोनवर केस बघणं का महत्त्वाचं, ते या दोन "तीस"मध्ये आहे. अपील करायचं असेल तर मोबाईलवरची प्रत पुरत नाही, कोर्टातून सही-शिक्क्याची नक्कल घ्यावी लागते. ती तयार व्हायला लागणारे दिवस मुदतीतून वगळले जातात, त्यामुळे नकलेचा अर्ज त्याच आठवड्यात टाकून मोकळं व्हायचं.

आता आईच्या बुडणाऱ्या मजुरीबद्दल. दिवाणी दाव्यात वकील हजर असताना पक्षकाराने प्रत्येक तारखेला जाण्याची गरज नसते, ही गोष्ट निम्म्या पक्षकारांना माहीत नाही. आईने जायलाच हवं ते तिच्या साक्षीच्या आणि उलटतपासाच्या दिवशी, मध्यस्थी किंवा तडजोडीसाठी बोलावलं असेल तेव्हा, आणि कोर्टाने खास सांगितलं असेल तर. "अनरेडी"च्या तारखांना वकील गेले की झालं. टप्पा वाचता आला तर वर्षातल्या कितीतरी फेऱ्या वाचतात, आणि ज्या दिवशी जायला हवं त्या दिवशी कामावरून आधीच सुट्टी मागता येते. माझ्या अनुभवात गरीब घराला या ॲपचा पैशांत मोजता येणारा फायदा हाच. मात्र हे गणित वकील खरोखर हजर राहतात या गृहीतावर उभं आहे, आणि तुमच्याकडे तिथेच अडचण आहे.

वकील बदलायचा हक्क आईला आहे. आधीच्या वकिलांचं वकीलपत्र कोर्टाच्या परवानगीने संपवून नवीन दाखल होतं. शक्यतो त्यांची ना-हरकत घ्यावी, ते रीतीला धरून आहे. फी बाकी आहे म्हणून ते कागद अडवत असतील तर तसं करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात 2000 सालीच स्पष्ट केलं आहे.

नवीन वकिलाला पैसे कुठून आणायचे, असं विचारायच्या आधी हे वाचा. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 सालचा. त्याच्या कलम 12 प्रमाणे कोणतीही स्त्री मोफत विधी साहाय्याला पात्र आहे, तिचं उत्पन्न कितीही असो. लहान मुलं, अनुसूचित जाती-जमातींमधली माणसं, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतली माणसं यांनाही उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला 3 लाखांची मर्यादा आहे. तुमच्या आईला दाखला जोडत बसायची गरज नाही, त्या स्त्री आहेत एवढं पुरे. अर्ज ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात देता येतो, राष्ट्रीय प्राधिकरणाच्या पोर्टलवरूनही करता येतो, आणि 15100 या हेल्पलाइनवर विचारपूस करता येते. नेमलेल्या वकिलाला एक रुपयाही द्यायचा नाही. कोणी मागितला तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. आणि उद्या आईने प्रतिदावा करायचा ठरवलं, तर महाराष्ट्र शासनाच्या 1 ऑक्टोबर 1994 च्या अधिसूचनेने मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्टफी माफ आहे, हे नवीन वकिलांना आवर्जून सांगा. ही माफी अनेकदा मागितलीच जात नाही.

पोर्टलवर अर्ज करून थांबू नका, त्याची पोच घेऊन एकदा समक्ष जा. ऑनलाइन अर्जात तुम्ही "खोलीचा वाद" एवढंच लिहिणार. समोर बसून समन्स दाखवलं तर तिथल्या माणसाला पुढच्या मंगळवारी "से" द्यायचा आहे हे दिसतं आणि वकील त्याच दिवशी नेमला जाऊ शकतो. टेलि-लॉ ही सेवाही आहे. 2017 साली सुरू झाली, सामायिक सेवा केंद्रातून किंवा मोबाईल ॲपवरून वकिलाशी बोलता येतं, पैसे लागत नाहीत. शहापूर-मुरबाडच्या पाड्यावरच्या माणसाला, ज्याला ठाण्याला यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, तिचा पहिल्या सल्ल्यासाठी चांगला उपयोग होतो. पण टेलि-लॉचा वकील सल्ला देतो, तुमच्या वतीने कोर्टात उभा राहत नाही. चालू दाव्यात मुदत पळत असताना तुम्ही थेट प्राधिकरणात जा.

आता तुमचा मसुदा. तो मी वाचला. भाषा सफाईदार आहे, आणि त्यामुळेच तो धोक्याचा आहे. त्यातल्या दोन निकालांपैकी एक मला कुठेच सापडला नाही. दुसरा खरा आहे, पण तो फौजदारी जामिनाबद्दल आहे, त्याचा खोलीशी काही संबंध नाही. हे चॅटबॉट पटण्यासारखं वाक्य तयार करतात, आणि निकालाचं नाव त्या वाक्यात शोभलं की ते लिहून मोकळे होतात. कोर्टासमोर न झालेला निकाल ठेवला तर न्यायाधीशांचा तुमच्या बाकीच्या खऱ्या म्हणण्यावरचा विश्वासही जातो. ज्या पानावर आईच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे त्याच पानावर हे घडायला नको. आणखी एक बघा : 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा या तिन्हींच्या जागी नवे कायदे आले. चॅटबॉट अजूनही जुनी कलमं बेधडक सांगतात.

मग ते वापरायचेच नाहीत का? वापरा, पण समजून घेण्यासाठी. इंग्रजी हुकूम आला तर त्याचा मराठीत अर्थ विचारा, मात्र शेवटचा, हुकुमाचा भाग एखाद्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्या, कारण "मंजूर" आणि "नामंजूर" यात गफलत परवडत नाही. विचारताना नावं, पत्ता, आधार क्रमांक काढून टाका. वकिलाला भेटण्याआधी काय काय विचारायचं याची यादी बनवायलाही ते उपयोगी पडतात. कोणताही निकाल खरा आहे का हे सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर या मोफत संग्रहात पडताळता येतं. 2023 पासून तो सगळ्यांना खुला आहे, आणि अनेक निकालांचे मराठी अनुवादही उपलब्ध आहेत.

तुमच्या शेवटच्या ओळीत ओझरता उल्लेख आहे की काकांनी फोनवर आईला "खोली तुझीच आहे, पण मी तुला कोर्टात दमवीन" असं म्हटलं आणि ते रेकॉर्ड झालं आहे. अहो, हे तुम्ही सगळ्यात वर लिहायला हवं होतं. ते रेकॉर्डिंग ज्या फोनमध्ये आहे तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, बदलून नवीन घेतला तरी जुना कपाटात ठेवा. व्हॉट्सॲपवरून स्वतःला पाठवलेली प्रत मूळ पुराव्याची जागा घेत नाही. नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात त्या फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, नोंदवावं लागतं, म्हणजे नंतर कोणी फाइलमध्ये फेरफार केला तर तो पकडला जातो. अशा प्रमाणपत्राची सक्ती किती, यावरचा महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या वादातून, अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात, 2020 साली आला. मूळ उपकरण स्वतः कोर्टात हजर केलं आणि ते आपलंच आहे हे शपथेवर सांगितलं तर गोष्ट सोपी होते, असं त्यात म्हटलं आहे. निकाल जुन्या कायद्याखालचा आहे, पण तेवढ्यासाठीच म्हणते, फोन जपा. सोबत वडिलांच्या नावाची वीजबिलं, कराच्या पावत्या, फोटोपास, रेशनकार्ड, जे असेल ते. स्वच्छ उजेडात, चारही कोपरे दिसतील असे फोटो काढून ठेवा आणि मूळ कागद कोणाच्याही हाती सोडू नका.

ई-फायलिंगबद्दल थोडक्यात. पक्षकार स्वतःही करू शकतो, कायद्याची आडकाठी नाही. तुमच्या केसमध्ये वकील घेऊनच करा. कोर्टाच्या आवारातल्या ई-सेवा केंद्रात केसची माहिती, नकलेचा अर्ज, ई-फायलिंग यांत मदत मिळते. बाहेर स्कॅनिंगवाल्याकडे पानामागे पैसे मोजण्याआधी तिथे विचारा. तुरुंगातल्या माणसाच्या ई-मुलाखतीसाठीही या केंद्रांतून मदत होते. तळोजा कारागृहात मुलगा असलेल्या एखाद्या माउलीला त्याचा चेहरा तरी बघता येतो. व्हिडिओवरून हजर राहायचं तर अर्ज करून परवानगी घ्यावी लागते, लिंक आपोआप येत नाही. आईच्या साक्षीसाठी मी व्हिडिओ सुचवणार नाही. ती समोर उभी राहून बोलेल तेव्हा न्यायाधीशांना तिची खरी तळमळ दिसेल.

आता मला मनापासून खुपणारी गोष्ट. वकीलपत्र आणि दावा दाखल करताना पक्षकाराचा मोबाईल क्रमांक संगणकात भरला जातो आणि त्यावर कोर्टाचे एसएमएस येतात. तिथे किती वेळा कारकुनाचा, टायपिस्टचा किंवा शेजारच्या दुकानदाराचा नंबर टाकलेला असतो! यंत्रणा संदेश पाठवते, पण तो ज्याला हवा त्याच्यापर्यंत जात नाही. तुमच्या आईच्या नावापुढे कोणता नंबर आहे ते विचारा आणि चुकीचा असेल तर नवीन वकिलांमार्फत दुरुस्त करून घ्या.

बायकांच्या बाबतीत हे आणखी नाजूक. घरात फोन एकच, तोही नवऱ्याकडे. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज करायला आलेल्या बाईचा म्हणून जो नंबर लिहिला जातो तो अनेकदा त्याच माणसाचा असतो ज्याच्याविरुद्ध ती आली आहे. तारखेचा संदेश त्याच्या हातात पडला तर त्या रात्री घरात काय होईल? अशा अर्जदार बाईला मी पहिल्या भेटीत विचारते की सुरक्षित फोन कोणाचा, बहिणीचा, मैत्रिणीचा, जिथे कामाला जातेस त्या ताईंचा? फॉर्मवर यासाठी एखादी चौकट असायला हवी. संगणक प्रणाली बनवणाऱ्यांना ही अडचण सुचत नाही, कारण त्यांच्या घरात प्रत्येकाचा फोन वेगळा असतो.

आणि भाषा. आपल्या जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे, साक्षीपुरावा मराठीत होतो, तरी ॲपवरच्या नोंदी बहुतेक इंग्रजीत आणि तुटक शब्दांत. कोर्टांच्या संगणकीकरणाच्या ई-कोर्ट्स योजनेच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्राने 2023 साली 7,210 कोटी रुपये मंजूर केले. त्यातून रोजनाम्याची एक ओळ साध्या मराठीत मिळावी, "तुमची कैफियत अजून आलेली नाही, अमुक तारखेपर्यंत द्या", आणि वाचता न येणाऱ्याला ती ऐकूही यावी, ही मागणी मोठी नाही. 2016 साली अनिता कुशवाहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने न्यायापर्यंत पोहोचणं हा मूलभूत हक्क मानला आणि सांगितलं की न्यायदानाची यंत्रणा अंतराच्या दृष्टीने आवाक्यात हवी, वेगवान हवी आणि परवडणारी हवी. तंत्रज्ञानाने अंतर कमी केलं हे मी रोज बघते. पण ॲप उघडून शेजारी बसणारं माणूस नसेल तर तुमच्या आईसाठी ते अंतर तेवढंच राहतं. विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक असतात, त्यांना दिघा, तुर्भे स्टोअर, कळवा, मुंब्रा अशा वस्त्यांत ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, संध्याकाळी कामावरून परतल्यावर भेटता आलं तर या सगळ्या यंत्रणेचं चीज होईल. सकाळी अकरा ते पाच ही वेळ घरकाम करणाऱ्या बाईची नसते.

तुमच्या घरात ते शेजारी बसणारं माणूस तुम्ही आहात. म्हणून या आठवड्यात एवढं करा. आज रात्री काकांच्या नावाने केस शोधून सीएनआर क्रमांक, पुढची तारीख, टप्पा आणि मागच्या सगळ्या तारखांच्या नोंदी आईसमोर बसून वाचा, आणि "नो डब्ल्यूएस" आहे का ते बघा. सोमवारी एक दिवसाची मजुरी बुडवून आईला घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. सोबत समन्स, दाव्याची प्रत, आधीच्या वकिलांना दिलेल्या पैशांची असेल तर पावती, आईचं आधारकार्ड, आणि तो जुना फोन. अर्जावर मोबाईल क्रमांक स्वतःच्या हाताने लिहा आणि दिल्यावर पोच मागा. रोजनाम्यात काय निघालं ते मला कळवा. "नो डब्ल्यूएस" झालेला असेल तर अर्ज कोणत्या कारणांवर करायचा ते त्या नोंदी वाचूनच सांगता येईल.